ताप आणि गोळी यांच्यामधले दिवस : गडचिरोलीतला मलेरिया समजून घेताना

मलेरियाचे निदान करणारी चाचणी आज वीस मिनिटांत होते. तिला बोटाच्या टोकातून काढलेला रक्ताचा एक थेंब पुरतो आणि चाचणीनंतर द्यायच्या गोळ्या सरकारी यंत्रणेत विनामूल्य मिळतात. हा आजार कशाने पसरतो याबद्दलही आता शंका उरलेली नाही. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला तो दिवस २० ऑगस्ट १८९७ चा, म्हणजे या ज्ञानाला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. असे असताना भारतातल्या आदिवासी भागांत माणसे मलेरियाने का दगावतात, हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राला विचारून सुटत नाही.

आदिवासी आरोग्यासाठी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१८ साली आपला अहवाल दिला. त्यात मांडलेले प्रमाण एकदा नीट वाचण्यासारखे आहे : देशाच्या लोकसंख्येत आदिवासींचा वाटा साधारण ८ टक्के, पण मलेरियाच्या रुग्णांत सुमारे ३० टक्के आणि मलेरियाच्या मृत्यूंत सुमारे ५० टक्के. रुग्णांपेक्षा मृत्यूंतला वाटा इतका जास्त का, हे या आकड्यांतले खरे कोडे आहे. डास जास्त चावतात म्हणून रुग्ण जास्त, हे समजू शकते. परंतु एकदा आजार झाल्यावर मरण्याची शक्यताही वाढत असेल, तर तिथे डासाखेरीज आणखी काहीतरी काम करत आहे असे मानावे लागते.

हे ‘आणखी काहीतरी’ पाहण्यासाठी महाराष्ट्रात गडचिरोलीइतका स्पष्ट जिल्हा दुसरा नाही. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला येथे ७४ माणसे राहतात, तर राज्याची सरासरी ३६५ आहे. माडिया, गोंड, हलबा, परधान अशा समाजांची वस्ती असलेल्या भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची, अहेरी या तालुक्यांत मलेरिया वर्षानुवर्षे टिकून आहे. मुंबईतही मलेरिया असतो आणि आकडे कधीकधी मोठे असतात. पण तिथे तो बहुतांशी व्हायव्हॅक्स जातीच्या परजीवीचा असतो आणि ताप आलेल्या माणसाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर कोणी ना कोणी डॉक्टर असतो. गडचिरोलीत बहुसंख्य रुग्णांत फाल्सीपेरम हा घातक परजीवी आढळतो, जो मेंदूपर्यंत पोहोचला तर दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतो. राज्य एकच आणि मोफत गोळ्यांची सरकारी सोयही दोन्हीकडे आहे. निकाल मात्र वेगळा लागतो.

परजीवीचे वेळापत्रक

सामाजिक कारणांकडे वळण्यापूर्वी आजाराचा एक भाग समजून घेणे अवश्य आहे, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. अ‍ॅनोफिलीस जातीची मादी चावली की परजीवी आधी यकृतात जातो आणि साधारण १० ते १४ दिवसांनी रक्तात उतरतो. तेव्हा थंडी वाजून ताप येतो. मात्र ताप आला त्याच दिवशी फाल्सीपेरमचा रुग्ण दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. डासाला संसर्ग करणारी परजीवीची वेगळी अवस्था त्याच्या रक्तात तयार व्हायला तापानंतर आणखी आठवडा ते दहा दिवस लागतात. ती अवस्था तयार झाल्यानंतर डास चावला, तर डासाच्या शरीरात पुन्हा दहा-बारा दिवसांचा विकास होतो आणि मगच तो डास पुढच्या माणसाला धोकादायक ठरतो.

याचा अर्थ असा की ताप आल्यापासून एक-दोन दिवसांत योग्य औषध मिळाले, तर रुग्ण वाचतो आणि त्याच्यापासून पुढे जाणारी साखळीही बहुधा तिथेच तुटते. औषध आठ-दहा दिवसांनी मिळाले, तर रुग्ण कदाचित वाचेल, पण तोपर्यंत त्याच्या रक्तातून परजीवी वस्तीतल्या डासांत पोहोचलेला असेल. व्हायव्हॅक्सचे गणित थोडे निराळे आहे, कारण त्याची संसर्गक्षम अवस्था लवकर तयार होते आणि शिवाय तो यकृतात झोपून राहून महिन्यांनी पुन्हा उठतो. फाल्सीपेरमच्या बाबतीत मात्र ताप आणि गोळी यांच्यामधले दिवस हाच निर्णायक आकडा आहे. गरिबी, अंतर, हंगाम, भाषा, अविश्वास ही सगळी कारणे शेवटी या दिवसांच्या मोजणीत उतरतात. ‘आदिवासी भागातील मलेरियाची सामाजिक-आर्थिक कारणे’ असे भारदस्त शब्द आपण वापरतो, तेव्हा त्यांचा शरीरावर होणारा परिणाम याच मार्गाने होत असतो.

माणूस रात्री कुठे असतो

मध्य भारतात मलेरिया पसरवणाऱ्या डासांच्या दोन मुख्य जातींपैकी अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस ही धानाच्या बांध्या, खड्डे, बोड्या आणि पावसानंतर नदीपात्रात राहिलेली डबकी यांत वाढते. ती गुरांचे रक्त अधिक पसंत करते, पण संख्येने इतकी असते की माणसालाही सोडत नाही. दुसरी, फ्लुव्हिएटिलिस, जंगलातल्या संथ वाहणाऱ्या ओढ्यांच्या गवताळ काठांवर वाढते आणि तिला माणसाचेच रक्त हवे असते. दोघीही सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत चावतात. त्यामुळे दिवसा माणूस कुठे काम करतो यापेक्षा रात्री तो कुठे झोपतो हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

शासनाची दोन मोठी साधने, म्हणजे भिंतींवरची कीटकनाशक फवारणी आणि औषधभारित मच्छरदाणी, ही माणूस रात्री घरात, भिंतींच्या आत, ठरलेल्या जागी झोपतो असे धरून चालतात. शहरात आणि सपाटीवरच्या गावांत हे गृहीतक बऱ्यापैकी खरे आहे. जंगलावर जगणाऱ्या कुटुंबाचे वर्ष मात्र या गृहीतकाप्रमाणे चालत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी पहाटेच्या अंधारात घर सोडावे लागते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. काही आठवड्यांत वर्षभराच्या रोख रकमेचा मोठा भाग याच कामातून मिळतो, म्हणून लहान मुलांसह कुटुंबे फळीजवळ (तेंदूपत्ता गोळा करण्याच्या ठिकाणाजवळ), पाणी मिळेल अशा ओढ्याकाठी, पालाच्या आडोशाखाली मुक्काम करतात. दक्षिणेकडच्या तालुक्यांत शेजारच्या जिल्ह्यांतूनही मजूर येतात आणि परजीवी रक्तात घेऊन आपापल्या गावी परततात. बांबू कटाईच्या मजुरांचे मुक्काम असेच जंगलात असतात. हिवाळा संपता संपता मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्यांच्या राहुट्या शेताच्या बांधावर असतात. धान पिकू लागले की रानडुकरांपासून ते राखण्यासाठी घरातला कोणीतरी जागलीला जातो आणि मचाणावर किंवा शेतातल्या उघड्या खोपटात रात्र काढतो, तीही नेमकी मलेरियाच्या भराच्या काळात.

अशा मुक्कामाला फवारण्यासाठी भिंतच नसते. मच्छरदाणी घरी एका दोरीला अडकवलेली असते, आणि घरात माणसे पाच, मच्छरदाण्या दोन किंवा तीन असे असेल तर जागलीला जाणारा ती सोबत नेत नाही. तो नेत नाही यात अज्ञान फारसे नाही. घरात लेकरे झोपलेली असतात.

घरातल्या भिंतींचेही स्वतःचे अर्थकारण आहे. कुडाच्या भिंती, वर छपरापर्यंत न पोहोचलेल्या, हवा आणि धूर जाण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या मातीने लिंपलेल्या असतात आणि सणावाराला किंवा पावसाने माती निघाली की पुन्हा लिंपल्या जातात. फवारणीनंतर पंधरा दिवसांत भिंत सारवली, तर कीटकनाशकाचा थर ताज्या मातीखाली जातो आणि त्यावर बसणाऱ्या डासाला त्याचा स्पर्शही होत नाही. विटा-सिमेंटच्या घरात राहणाऱ्या अधिकाऱ्याने फवारणीचे वेळापत्रक ठरवताना लिंपणाचे वेळापत्रक विचारलेले नसते. त्यातच फवारणीवाले आले की धान्य, भांडी, कपडे बाहेर काढायचे, देवाची जागा आणि चूल असलेली खोली उघडायची, दिवसाचे काम बुडवायचे, एवढे सगळे करूनही ढेकूण कमी होत नाहीत असा अनुभव असेल, तर ‘बाहेरच्या भिंतीला मारून जा’ असे सांगितले जाते. कागदावर ते घर फवारलेले असते.

एका जागेचा उल्लेख अशा चर्चांत सहसा होत नाही. माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रिया गावाच्या कडेला असलेल्या कुर्माघरात राहतात. ही झोपडी बहुधा सर्वांत कच्ची, दार-खिडकीची धड सोय नसलेली असते. मच्छरदाणीवाटप घरागणिक आणि माणसागणिक होते, त्यामुळे या झोपडीचा हिशेब सहसा होत नाही. दर महिन्याला चार-पाच रात्री म्हणजे वर्षाला पन्नासेक रात्री, आणि त्याही वयात येणाऱ्या मुलींपासून संततीक्षम वयाच्या सर्व स्त्रियांच्या वाट्याला. गरोदरपणात मलेरिया झाला तर परजीवी वारेत (प्लॅसेंटात) साठतो, आई पांढरीफटक पडते आणि बाळ कमी वजनाचे जन्मते, हे ज्ञात आहे. गर्भ राहण्याआधीच वारंवार तापाने रक्त कमी झालेल्या मुलीच्या बाबतीत हा धोका आणखी वाढतो, हे ओघानेच आले.

फुकट गोळीची किंमत

गोळी फुकट असली तरी ती घेण्यासाठी लागणारा दिवस फुकट नसतो. गडचिरोलीत मलेरिया जुलैपासून चढतो. त्याच वेळी धानाची रोवणी सुरू असते आणि ती पुढे ढकलता येत नाही, कारण पऱ्हे (धानाची रोपे) निबर झाले की उत्पन्न घटते. गावातल्या बायका गटाने रोवणीचा गुत्ता (ठेका) घेतात. एक जण आली नाही की तिचा वाटा गेला. आधीच्या हंगामाचे धान संपत आलेले असते, तेंदूपत्त्याचे पैसे बियाण्यात आणि उधारी फेडण्यात गेलेले असतात, पावसाने वाटा बंद झालेल्या असतात. म्हणजे आजार सर्वाधिक, काम सर्वाधिक, पैसा सर्वांत कमी आणि रस्ता सर्वांत वाईट या चार गोष्टी एकाच दोन-तीन महिन्यांत येऊन पडतात. माझ्या मते आदिवासी भागातल्या मलेरियाचे अर्थशास्त्र या एका वाक्यात बरेचसे सापडते आणि कोणत्याही वार्षिक सरासरीत ते दिसत नाही.

अशा दिवसांत थंडी वाजून ताप आलेली बाई काय करेल याचा विचार करावा. पहिल्या दिवशी ती अंग दुखते म्हणून झोपते. मलेरियाचा ताप सलग राहत नाही. घाम येऊन उतरतो आणि मधे काही तास बरे वाटते. त्या काही तासांत ती रोवणीला जाते. दुसऱ्यांदा ताप येतो तेव्हा किराणा दुकानातून तापाची एक गोळी आणली जाते आणि ताप तात्पुरता उतरतो. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी ती उठू शकत नाही, तेव्हा कुठे दवाखान्याचा विचार होतो. आता तिच्याबरोबर नवऱ्याला जावे लागणार, म्हणजे मजुरी दोघांची बुडणार. गाडीभाडे, दवाखान्याच्या गावी जेवणखाण, मुलांना कोणाकडे तरी ठेवणे, यासाठी कोंबड्या किंवा बकरी विकली जाते अथवा उसनवारी होते. जवळच्या बाजारगावात पदवी नसलेला एखादा ‘डॉक्टर’ सुई टोचून, सलाईन लावून उधारीवर उपचार करतो. तो महाग असतो आणि बऱ्याचदा चुकीचा असतो, पण रात्री उघडा असतो आणि माणसाला ओळखतो. सरकारी केंद्राशी त्याची स्पर्धा वेळेच्या आणि ओळखीच्या बाबतीत आहे, औषधाच्या गुणवत्तेबाबत नाही, हे मान्य केल्याशिवाय त्याच्याविरुद्धच्या मोहिमा यशस्वी होणार नाहीत.

अंतराचा मुद्दा सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातला एक हिशेब सहसा मांडला जात नाही. आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. सपाटीवर हेच आकडे ५ हजार आणि ३० हजार आहेत, म्हणजे आदिवासी भागाला झुकते माप दिले आहे असे वाटते. आता भामरागड तालुका घ्यावा. २०११ मध्ये त्याची लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती आणि गावे शंभराहून अधिक. सरासरी गाव ३०० ते ३५० माणसांचे. म्हणजे निकष तंतोतंत पाळला तरी एका उपकेंद्राखाली नऊ-दहा गावे येतात, आणि ती गावे जंगलात, नाल्यांच्या अलीकडे-पलीकडे पसरलेली असतात. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमावरचे भामरागड पुराच्या दिवसांत स्वतःच जगापासून तुटते, तिथे आतल्या टोल्यांची (लहान वस्त्यांची) काय कथा. रुग्णाला खाटेची कावड करून किंवा डोंग्यातून नदीपार आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. लोकसंख्येचा निकष डोकी मोजतो. इथे मोजायला हवेत ते चालण्याचे तास.

यावरचा उपाय म्हणजे चाचणी आणि गोळ्या गावातच ठेवणे, आणि तो उपाय झालेलाही आहे. पूर्वी आरोग्य कर्मचारी काचपट्टीवर रक्त घेऊन जाई आणि निकाल यायला आठवडा किंवा त्याहून अधिक लागे. आता आशा कार्यकर्तीकडे तपासणी संच असतो आणि फाल्सीपेरम निघाल्यास तीन दिवसांचा आर्टिमिसिनिनवर आधारित उपचार ती लगेच सुरू करू शकते. गेल्या दोन दशकांत मृत्यू कमी होण्यामागे या बदलाचा मोठा हात आहे. परंतु आशा हीसुद्धा त्याच गावातली, त्याच हंगामात रोवणीला जाणारी बाई आहे. तिला नियमित पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. एका चाचणीमागे अनेक वर्षे १५ रुपये मिळत. पावसाळ्यात संच संपले आणि नाल्याला पूर असला की साखळी पुन्हा तुटते. मे महिन्याच्या अखेरीस किती संच आणि किती गोळ्या गावात पोहोचल्या, यावर पुढच्या चार महिन्यांचे बरेच काही ठरते.

पुजारी, भाषा आणि दवाखाना

शहरी लेखनात आदिवासी मलेरियाचे कारण म्हणून ‘अंधश्रद्धा’ हा शब्द फार लवकर येतो. ताप आल्यावर लोक आधी पुजाऱ्याकडे जातात हे खरे आहे आणि त्यामुळे उपचाराला उशीर होतो हेही खरे. परंतु पुजारी गावात असतो, रात्री-अपरात्री येतो, रुग्णाच्या भाषेत बोलतो आणि एखादी कोंबडी किंवा थोडी मोहाची दारू एवढ्यावर समाधान मानतो. मलेरियाचे अनेक रुग्ण, विशेषतः वारंवार संसर्ग होऊन अंशतः प्रतिकारशक्ती आलेले प्रौढ, औषधाविनाही तात्पुरते बरे होतात, त्यामुळे पुजाऱ्याचा उपाय लागू पडला असे दिसते. पाच वर्षांखालच्या मुलांत ही प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते आणि तिथेच हा विश्वास जिवावर बेततो. चाचणी गावात पोहोचली की माणसे दोन्ही करतात : पुजाऱ्याकडेही जातात आणि आशाकडूनही रक्त तपासून घेतात. यात विसंगती आहे असे त्यांना वाटत नाही आणि आपल्यालाही वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अभिषेक करणारे कमी नाहीत.

भाषेचा अडथळा अधिक गंभीर आहे आणि त्याची चर्चा कमी होते. माडिया आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा आहेत, मराठीशी त्यांचे नाते नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बदलीवर आलेला कर्मचारी मराठीतून सांगतो आणि समोरची बाई मान डोलावते. ताप उतरल्यावरही गोळ्या पूर्ण करायच्या, हे वाक्य नीट पोहोचले नाही तर काय होते ते व्हायव्हॅक्समध्ये स्पष्ट दिसते. त्याच्या यकृतातल्या सुप्त अवस्थेसाठी प्रायमाक्वीन १४ दिवस घ्यावे लागते, ताप मात्र तीन दिवसांत जातो. बरे वाटणाऱ्या आणि कामाला परतलेल्या माणसाने आणखी अकरा दिवस कडू गोळी का घ्यावी, हे त्याच्याच भाषेत, वेळ देऊन समजावले नाही तर तो घेणार नाही. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी जपून ठेवल्या जातात, जे त्याच्या दृष्टीने काटकसरीचे असते.

दवाखाना लोकांना आपला वाटावा यासाठी काय करावे लागते याची उदाहरणे याच जिल्ह्यात आहेत. १९७३ साली बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याकडे सुरुवातीच्या काळात रुग्ण येत नसत. मेंदूच्या मलेरियासारख्या आजारातून उठलेली माणसे आपापल्या गावी परतू लागली तसा विश्वास वाढत गेला. धानोरा तालुक्यात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शोधग्रामचा दवाखाना लोकांना विचारून बांधला. मोठ्या इमारतीऐवजी गावातल्या घरांसारख्या खोल्या, रुग्णासोबत नातेवाइकांना राहण्याची मुभा, आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव. रुग्ण एकटा पांढऱ्या खोलीत ठेवला की तो मरणार असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी बांधकामाचा आराखडा हाही उपचाराचा भाग असतो.

आजारी नसलेल्यांचा आजार

मलेरिया वर्षानुवर्षे असलेल्या भागात कित्येक प्रौढ आणि मोठ्या मुलांच्या रक्तात परजीवी असतो, पण ताप नसतो. ते कामाला जातात, आश्रमशाळेत जातात आणि डासांना परजीवी पुरवत राहतात. ताप आलेल्याचीच चाचणी करायची असे धोरण असेल तर ही माणसे कधीच सापडत नाहीत. शेजारच्या छत्तीसगडने २०२० च्या सुरुवातीला ‘मलेरियामुक्त बस्तर’ मोहिमेत घरोघरी जाऊन ताप असो-नसो सर्वांची तपासणी केली, तेव्हा पहिल्या फेरीत सापडलेल्या बाधितांपैकी निम्म्याहून अधिक जणांना कोणतीही लक्षणे नव्हती. गडचिरोली आणि बस्तर यांच्यामधली सीमा नकाशावर आहे. लग्ने, बाजार आणि जत्रा दोन्हीकडे होतात. माओवादी हालचाली आणि त्याविरुद्धच्या कारवाया यांमुळे सीमेवरच्या अनेक गावांत फवारणीची पथके आणि आरोग्य कर्मचारी दीर्घकाळ पोहोचू शकले नाहीत. त्याचा फटका गावांना बसला, तसाच जंगलात तैनात जवानांनाही.

या भूभागात मलेरिया किती जुना आहे याची खूण रक्तातच आहे. सिकलसेलचे एक जनुक असलेल्या माणसाला फाल्सीपेरमच्या गंभीर आजारापासून बरेच संरक्षण मिळते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया असलेल्या समाजांत ते जनुक टिकून राहिले. आईवडील दोघांकडून ते आले तर मात्र सिकलसेलचा आजार होतो आणि अशा मुलाला मलेरिया झाल्यास तो विशेष घातक ठरतो.

ओडिशाचा अनुभव येथे उपयोगी आहे, कारण तिथली परिस्थिती गडचिरोलीहून सोपी नव्हती. २०१६ मध्ये तिथे चार लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. २०१९ मध्ये ते चाळीस हजारांच्या आसपास आले. मधल्या काळात एक कोटीहून अधिक मच्छरदाण्या वाटल्या गेल्या आणि ‘दमन’ नावाच्या योजनेत दुर्गम वस्त्यांवर शिबिरे घेऊन सर्वांची तपासणी केली गेली, ताप नसलेल्यांचीही. गर्भवतींची आणि मुलांच्या पोषणाची तपासणीही त्याच शिबिरात होत असे. डास बदलले नव्हते आणि गरिबीही तीन वर्षांत गेली नव्हती. गोळीपर्यंतचे दिवस कमी झाले आणि लक्षणे नसलेले वाहक सापडू लागले, एवढा बदल पुरेसा ठरला.

गडचिरोलीत या कामाला जोडता येईल अशी एक गोष्ट आहे जी अनेक जिल्ह्यांत नाही. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारे येथील अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करतात. लेखा-मेंढा हे गाव त्यातले सर्वपरिचित नाव. ज्या ग्रामसभेचे तेंदूपत्त्याचे उत्पन्न तिच्या स्वतःच्या खात्यात येते, ती कंत्राटदाराला फळीवर मच्छरदाण्या द्यायला सांगू शकते, हंगामाआधी आणि हंगाम संपताना मजुरांची तपासणी करवून घेऊ शकते, जागलीला जाणाऱ्यांसाठी सोबत नेता येणाऱ्या वेगळ्या मच्छरदाण्या विकत घेऊ शकते आणि लिंपणाच्या तारखा पाहून फवारणीची तारीख मागू शकते. आरोग्य खात्याने ग्रामसभेकडे ‘जनजागृती’ करण्याचे ठिकाण म्हणून पाहणे थांबवून वेळापत्रक ठरवणारी संस्था म्हणून पाहिले, तर यातले पुष्कळसे कमी खर्चात होण्यासारखे आहे. एटापल्लीकडे सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणकामामुळे रस्ते, ट्रक आणि बाहेरचे मजूर वाढले आहेत. रस्त्याने रुग्णवाहिका येते तसा परजीवीही येतो, तेव्हा मजुरांच्या वसाहतींची तपासणी हा खाणकामाच्या खर्चातलाच भाग धरायला हवा.

देशाने २०२७ पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचे लक्ष्य ठेवले आहे. असे लक्ष्य यापूर्वीही जवळ आले होते. १९५३ साली सुरू झालेल्या नियंत्रण कार्यक्रमानंतर आणि १९५८ च्या निर्मूलन कार्यक्रमानंतर १९६५ पर्यंत रुग्ण सुमारे एक लाखावर आले होते. त्यानंतर डास डीडीटी या कीटकनाशकाला दाद देईनासे झाले, निधी आणि लक्ष दोन्ही आटले, आणि १९७६ मध्ये ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. आजार कमी झाला की लोकांतली अंशतः प्रतिकारशक्तीही ओसरते, त्यामुळे परतणारी साथ अधिक तीव्र असते. रुग्ण घटत जातात तेव्हा उरलेले रुग्ण सर्वांत दूरच्या टोल्यांवर असतात, दर रुग्णामागचा खर्च वाढत जातो आणि अर्थसंकल्पाच्या बैठकीत हा खर्च परवडतो का असा प्रश्न येतो. भामरागडच्या आतल्या एखाद्या टोल्यावर सलग दोन वर्षे एकही रुग्ण सापडला नाही, तरी तिसऱ्या मे महिन्यात तपासणी संच आणि गोळ्या तिथे तितक्याच पोहोचाव्या लागतील, आणि त्यासाठीची तरतूद रुग्णसंख्येवर नव्हे तर नाल्याला पूर किती दिवस असतो यावर करावी लागेल.